गहुंजे–किवळे पट्ट्यात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला नवा इंटरचेंज: कितपत जमेल?

अर्धवट_वळण

नमस्कार मंडळी. रस्त्यांवरचे धागे इथे चवीने वाचले जातात, म्हणून हा काथ्याकूट.

मुंबईहून येताना उर्सेचा टोलनाका मागे पडला की थोड्या वेळाने गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम दिसतं, द्रुतगतीला अगदी खेटून. २०१२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आसपास माळ होता. आता टॉवर उभे आहेत, दुकानं आली, शाळेच्या बसगाड्या फिरतात. पण द्रुतगतीवरून तिथे उतरायची सोय नाही. सरळ किवळ्यापर्यंत जायचं, खाली उतरायचं आणि मामुर्डीच्या बाजूने परत मागे यायचं.

दुसरी गोष्ट हिंजवडीची. मुंबईकडून हिंजवडीत येणाऱ्या गाड्या द्रुतगती संपल्यावर पुण्याच्या कडेने जाणारा बायपास धरतात: रावेत, पुनावळे, ताथवडे, भूमकर चौक. त्या बायपासवर बंगळूरचे ट्रक, गावातल्या दुचाक्या आणि कंपन्यांच्या बस एकाच वेळी असतात. पावसात तिथल्या भुयारी मार्गांत पाणी साचतं ते वेगळंच.

माझ्या डोक्यात असं आहे की गहुंज्याजवळ इंटरचेंज (द्रुतगतीवर चढण्या-उतरण्याची जागा) द्यावा, तिथून पवनेवर पूल टाकावा आणि जांबे–नेरे–मारुंजीच्या अंगाने हिंजवडीत मागच्या दाराने शिरावं. बायपास तेवढा मोकळा होईल. जाणकारांनी सांगावं, तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे का? नुसतं 'आपल्याकडे काही होत नाही' म्हणून जाऊ नका, का होत नाही ते लिहा.

गुंठामंत्री

कुठल्या टॉवरमध्ये बुकिंग केलंत ते आधी सांगा. (हलके घ्या.)

गंमत सोडा. अशी चर्चा सुरू झाली की चार दिवसांत 'प्रस्तावित इंटरचेंजपासून दोन मिनिटांवर' असे फलक लागतात. इंटरचेंज होवो न होवो, गुंठ्याचा भाव वाढून बसतो आणि पुढे सरकारला तीच जमीन घ्यायची झाली तर खर्च दुप्पट. मी या धंद्यात आहे, त्यामुळे माझं तोंड बंद ठेवण्यात माझा फायदा आहे, तरी लिहितोय.

लेव्हल_मशीन

उभी हयात रस्त्यांच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जावं.

इंटरचेंज हवा की नको हे ठरवताना लोक पुलाचा विचार करतात. पूल हा त्यातला सोपा भाग. अवघड असतं ते गाडीचा वेग कमी करणं आणि वाढवणं. द्रुतगतीवर सपाटीला गाड्यांची वेगमर्यादा १००. उतरणाऱ्या रॅम्पच्या, म्हणजे चढ-उताराच्या जोडरस्त्याच्या, वळणावर ४० धरू. १०० वरून ४० वर कुणाला धक्का न बसता यायला दीडशे-पावणेदोनशे मीटर लागतात आणि ते मुख्य मार्गिका सोडल्यावर हवेत, मार्गिकेतच नव्हे. चढताना याहून वाईट. भरलेला ट्रक ४० वरून ८० वर यायला सहाशे मीटरच्या पुढे सहज खातो. एवढी वेगवाढीची मार्गिका दिली नाही तर ट्रक चाळीसनेच मुख्य रस्त्यात घुसणार आणि मागून शंभरने येणारा त्याच्यावर आदळणार.

आता वळणाची त्रिज्या. ४० च्या वेगाला साधारण ६० मीटर. पाकळीच्या आकाराचा पूर्ण इंटरचेंज करायचा तर अशा चार पाकळ्या. एकेका पाकळीच्या नुसत्या वर्तुळाला सव्वाएक हेक्टरच्या आसपास जागा लागते. वर भराव, उतार, गटारं, बाहेरचे रॅम्प. गहुंज्याला स्टेडियम आणि टॉवर यांच्यामध्ये एवढी जागा कुठून आणणार? मामुर्डी–किवळ्याच्या अंगाला सरकावं तर देहूरोडच्या दारूगोळा डेपोचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा, आडवा येतो. नदीकडे सरकावं तर निळी आणि लाल पूररेषा, तिच्या आत बांधकामावर बंधनं.

पण माझा मुख्य आक्षेप तो नाही. गहुंज्यातून पुण्याकडे चढणारी गाडी द्रुतगतीवर आली की लगेच किवळे येतं. तिथे वाहतूक फुटते, काही देहूरोड–निगडीकडे आणि बाकीची सरळ बायपासला. म्हणजे नुकती चढलेली, अजून वेग न घेतलेली गाडी उजवीकडे सरकू पाहणार आणि त्याच पट्ट्यात मुंबईहून आलेली गाडी डावीकडे येऊ पाहणार. याला आम्ही विणकाम म्हणतो. दोन इंटरचेंज जवळ आले की हे विणकाम कमी लांबीत होतं आणि अपघात तिथेच होतात.

तेव्हा चारी दिशांचा पूर्ण इंटरचेंज माझ्या मते त्या जागी बसत नाही.

चौथा_गिअर

+१. मी हिंजवडीत बस चालवतो, त्या बाजूने दोन शब्द.

तुम्ही म्हणता मागच्या दाराने शिरू. मागचं दार केवढं आहे ते बघितलंय का? नेरे–मारुंजीचा रस्ता दोन गाड्यांचा, त्यावर डंपर, तयार काँक्रीटचे (आरएमसी) ट्रक, मध्येच एखादी बैलगाडी. हिंजवडीच्या फेज तीनला मेट्रोचे खांब आणि खाली खड्डे. शिवाजीनगर ते माण मेट्रो २३ किलोमीटरची, तिच्या कामात आमची काय अवस्था झाली ते आम्हाला ठाऊक. द्रुतगतीवरून मोकळी आलेली गाडी मारुंजीच्या चौकात उभीच राहणार. म्हणजे तोंड मोठं आणि नळी तीच, नरसाळ्यासारखं.

आणखी एक, जे कुणी लिहिलं नाही. द्रुतगतीवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. बायपासवर बंदी नाही. सकाळी भूमकर चौकात जाऊन पाहा, निम्म्याच्या वर हेल्मेटंच दिसतील. त्यांना तुमच्या इंटरचेंजचा काडीचा उपयोग नाही. ते सगळे बायपासलाच राहणार.

अर्धवट_वळण

दुचाकीचा मुद्दा चांगला आहे. पण हाच धागा पुढे नेला तर कुठलाच इंटरचेंज कधीच बांधू नये असं होईल. पुण्यातल्या चांदणी चौकाच्या पूल-रॅम्पचंही लोक असंच म्हणत होते, आज निदान कोथरूडवरून मुळशीला आणि बावधनला जाता तरी येतं. सगळे जोडरस्ते तयार झाल्यावरच रॅम्प, अशी अट घातली तर आपली नातवंडंच तो रॅम्प वापरतील.

मामुर्डीची_माई

चांदणी चौकाचं नाव निघालंच आहे तर. भूमिपूजन ऑगस्ट २०१७, उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३. मधली बरीच वर्षं भूसंपादनात गेली. खर्च ८६५ कोटींच्या घरात. जुना पूल पाडायला ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावली, अख्खं पुणं टीव्हीसमोर जागं, आणि पूल पूर्ण पडलाच नाही. आतल्या सळया एवढ्या की उरलेलं काम पोकलेनने करावं लागलं. कोण म्हणतं जुनी कामं कच्ची होती!

पण मला सांगायचंय ते वेगळं. एवढे रॅम्प झाले आणि उद्घाटनानंतर लोकांच्या लक्षात आलं की पायी माणसाने पलीकडे जायचं कसं याचा विचारच झालेला नाही. बसमधून उतरलेल्या बायका, सामान हातात, महामार्ग धावत ओलांडत होत्या. नकाशात माणूस नसतो, फक्त गाडीची रेष असते.

आमच्याकडे मामुर्डी–गहुंजे बाजूला आज गरज कशाची आहे? द्रुतगतीच्या दोन्ही अंगांना नीट, सलग सर्व्हिस रोड. सलग म्हणजे मध्येच ओढ्याशी तुटणारा नव्हे. त्याला फुटपाथ, दिवे, बसथांबा. माझा मुलगा दहावीला आहे, क्लासवरून सायकलने येतो. त्या वळणावर दिवा नाही, कडेला वाळूचा ढीग, समोरून टँकर उलट दिशेने. ग्रामपंचायतीत गेलं तर म्हणतात हा भाग आमचा नाही, पुढच्या कचेरीत गेलं तर तेही तेच म्हणतात. इंटरचेंज मागताना हे कुणी मागत नाही, कारण याचं उद्घाटन करता येत नाही.

गुंठामंत्री

ताई, मानलं.

पवनाकाठ

मी मावळातला, पवनेच्या काठचा. वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण 'भूसंपादनात वर्षं गेली' असं वाचलं की कुणीतरी शेतकऱ्याने खोडा घातला असं वाटतं, म्हणून लिहितो.

हा द्रुतगती मार्ग झाला तेव्हा आमच्या भावकीची जमीन गेली. गेली ती गेली, उरलेली दोन बाजूंना वाटली गेली. घर इकडे, विहीर तिकडे. बैल पलीकडे न्यायचे तर भुयारी मोरीपर्यंत वळसा. रस्ता दारातून जातो आणि त्यावर चढायचं तर तळेगावला किंवा किवळ्याला जा. मग त्यासाठी टोल भरा. आम्हाला या रस्त्याने धुरळा दिला.

मग ९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध लोक याच द्रुतगतीवर बऊरजवळ बसले. गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. जलवाहिनी त्यानंतर बारा वर्षं अडकून पडली. मावळात मोजणीवाला फीत घेऊन आला की लोक घराबाहेर येऊन उभे राहतात, ते यामुळे. कागदावर 'जमीन: अमुक हेक्टर' लिहिणाऱ्याने हे धरून चालावं.

मोबदल्याचं गणितही सांगतो. २०१३ च्या कायद्यात आसपासचे तीन वर्षांतले खरेदीखतांचे व्यवहार काढतात, त्यातले वरच्या भावाचे निम्मे घेतात आणि सरासरी धरतात. ऐकायला बरं. पण खरेदीखत होतं कितीचं आणि पैसे हातात पडतात कितीचे, हे गुंठामंत्र्यांना विचारा. कागदावरचा भाव कमी, म्हणून मोबदला कमी, म्हणून माणूस कोर्टात.

तरीही मी इंटरचेंजच्या विरोधात नाही. पवनेवर पूल झाला तर मला पहिला हवाय. रॅम्पसाठी नव्हे, आमच्या पोरांना पलीकडे कंपनीत जायला. पावसाळ्यात नदी भरली की दोन्ही काठांची माणसं एकमेकांना दिसतात, भेटायला मात्र रावेतवरून फिरून जावं लागतं.

सावंगीकर

छत्रपती संभाजीनगरहून लिहितोय. आमच्याकडे समृद्धी महामार्गाला शहराजवळ दोन इंटरचेंज आहेत, सावंगी आणि माळीवाडा. ७०१ किलोमीटरमध्ये सगळे मिळून चोवीस. म्हणजे सरासरी तीस किलोमीटरला एक. तुम्ही पुणेकर तीन-चार किलोमीटरला एक मागताय, अंमळ हेवा वाटला.

फरक एवढाच की समृद्धीवर टोल अंतरावर आहे. चढलात तिथे नोंद, उतरलात तिथे नोंद, मधल्या किलोमीटरचे पैसे. त्यामुळे नवं दार उघडलं तरी हिशोब बिघडत नाही. तुमच्या द्रुतगतीवर टोल नाक्यावर आहे, खालापूर आणि उर्से. उर्से आणि किवळे यांच्यामध्ये दार उघडलंत तर गहुंजे ते किवळे फुकट प्रवास. मग रावेतचा माणूस दूध आणायलासुद्धा द्रुतगतीवरून जाईल.

लेव्हल_मशीन

सावंगीकर, नेमकं बोललात. द्रुतगती लांबच्या प्रवासासाठी आहे. पाच मिनिटांच्या गावातल्या फेऱ्या त्यावर आल्या की लांबचा प्रवास मंदावतो आणि मग 'द्रुतगती आठ पदरी करा' ही मागणी येते. तसा विचार चालूही आहे. त्यामुळे उद्या तिथे काहीही बांधलं तरी पुलाचे खांब आजच्या सहा पदरांना चिकटून घालू नका. दहा वर्षांत तो पूल चांदणी चौकासारखा पाडावा लागेल.

टोलचं आणखी एक. टोलवसुलीचा सध्याचा करार एप्रिल २०३० पर्यंतचा आहे, ८,२६२ कोटींचा. कराराच्या काळात दार उघडायचं तर 'आमचं उत्पन्न घटलं' असा दावा येऊ शकतो. पण गहुंज्याच्या बाबतीत तो दावा तितका टिकू नये, कारण मुंबईकडून येणारा उर्सेला पैसे भरूनच पुढे येतो.

आणि इथेच धागाकर्त्यांसाठी एक वाट निघते. चारी दिशांचा इंटरचेंज विसरा. अर्धा करा, फक्त मुंबईकडे तोंड असलेला. मुंबईहून येणाऱ्याला उतरता येईल आणि मुंबईला जाणाऱ्याला चढता येईल, बस्स. पुण्याकडे चढता येणार नाही आणि पुण्याकडून येऊन उतरता येणार नाही. फुकटच्या स्थानिक फेऱ्या आपोआप बंद, किवळ्याचं विणकामही टळलं, टोल बुडत नाही. पाकळ्या लागत नाहीत, दोन सरळ रॅम्प पुरतात, म्हणून जागाही बरीच कमी.

अडचण राहते ती रॅम्पच्या पायथ्याशी. मुंबईहून येणारी गाडी डावीकडे उतरणार आणि नदी, हिंजवडी सगळं उजवीकडे. म्हणजे द्रुतगतीखालून मोठा भुयारी मार्ग हवा. त्याच्या तोंडाशी चौक होणार. तो चौक तुंबला तर रांग रॅम्पवर आणि रॅम्प भरला तर शेपूट थेट द्रुतगतीवर. शंभरच्या वेगात समोर थांबलेली रांग. सामन्याच्या दिवशी हे हमखास होईल. तेव्हा रॅम्प लांब ठेवावा लागेल आणि सामन्याच्या दिवशी पोलिसांना तो बंद करण्याची मुभा हवी. स्टेडियमकरता मागायचं आणि सामन्यालाच बंद ठेवायचं, असा प्रकार.

अर्धवट_वळण

अर्धा चालेल! मला स्वतःला मुंबईकडचाच हवा आहे. पण मग प्रश्न येतो की मुंबईकडून हिंजवडीत जाणाऱ्या गाड्या मुळात किती? बायपासवरची गर्दी बहुतेक पुण्याच्या आतलीच असेल तर याचा उपयोग फारच थोड्यांना. मुंबई बाजूच्या कंपन्यांच्या बस, विमानतळाच्या टॅक्सी, शनिवार-रविवारची घरी जाणारी पोरं. एवढ्यासाठी शे-दोनशे कोटी?

चौथा_गिअर

सोमवारी सकाळी मुंबईहून येणाऱ्या बस आणि टॅक्सी बऱ्याच असतात, शुक्रवारी संध्याकाळी उलट. बाकी दिवशी मला तरी गर्दी आतलीच वाटते. निगडी, चिंचवड, वाकड, बाणेर. पण हा चाकामागचा अंदाज, यावर पूल बांधू नका.

गुंठामंत्री

रिंगरोड विसरलात सगळे. पुण्याचा रिंगरोड द्रुतगतीला उर्सेलाच मिळणार आहे. ११० मीटर रुंदीचं संपादन, पश्चिमेचा तुकडा मुळशीतून खाली जातो. तो झाला की मुंबई–सातारा वाहतूक किवळ्याला यायचंच कारण नाही. उर्सेला इंटरचेंज होणारच आहे, तर मग काही किलोमीटरवर आणखी एक कशाला? त्यापेक्षा रिंगरोडवरून हिंजवडीला चांगला फाटा मागा. त्या भागात माझं काही बुकिंग नाही, शपथ.

मामुर्डीची_माई

आणि बायपासवर रावेत ते नऱ्हे उन्नत मार्गाचं जे चाललंय ते? तो झाला तर खालचा रस्ता मोकळा. तीन मोठ्या योजना एकाच पट्ट्यात आणि तिन्हींची कार्यालयं वेगळी. द्रुतगती आणि रिंगरोड रस्ते विकास महामंडळाकडे, बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, हिंजवडीच्या आतला रस्ता औद्योगिक महामंडळाकडे, मधली गावं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रावेत–किवळे महापालिकेकडे. यातल्या एकाने दुसऱ्याची वाहतूक मोजली असेल असं तुम्हाला वाटतं?

लेव्हल_मशीन

माई, तुमच्या या प्रश्नावर मी नोकरीत असतो तर बैठक बोलावली असती आणि चहा पिऊन उठलो असतो.

क्रमाने बोलू. पवनेवरचा पूल आणि त्याचे जोडरस्ते हे स्वतंत्र काम म्हणून मागा. ते इंटरचेंज न होताही उपयोगी आहे, पवनाकाठ म्हणतात तसं. त्याला दुचाकी चालते, बस चालते, सायकल चालते. द्रुतगतीखालचा भुयारी मार्ग त्याच कामात रुंद करून घ्या आणि रॅम्पपुरती जागा मोकळी राखून ठेवा, विकास आराखड्यात आरक्षण टाकून. आज रॅम्प बांधू नका. रिंगरोड सुरू झाल्यावर उर्से ते किवळे वाहतूक किती उरते ते बघून ठरवा. जागा आज राखली नाही तर मात्र नंतर ठरवायला काही उरणार नाही, तिथे टॉवर असेल.

आणि 'किती गाड्या' याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. भारतीय रस्ते काँग्रेसच्या जुन्या निकषानुसार चौकाच्या सगळ्या बाजू मिळून तासाला १०,००० पीसीयूच्या वर गेल्या की पूल-रॅम्पचा विचार रास्त ठरतो. पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या मापात आणून केलेली मोजणी, ट्रक तिपटीने धरतात, दुचाकी अर्धी किंवा पाऊण. खर्चाच्या बाजूने पाहिलं तर वाचलेला वेळ, इंधन, अपघात यांचा हिशोब करून परतावा १२ टक्क्यांच्या वर जातो का, हे बघायची रीत आहे. गहुंज्याचा अर्धा इंटरचेंज आज त्यात बसेल असं मला वाटत नाही. नदीवरचा पूल बसेल.

पवनाकाठ

आरक्षण टाका म्हणता, पण आरक्षण पडलं की त्या शेतकऱ्याची जमीन ना विकली जाते ना त्यावर कर्ज मिळतं. वर्षानुवर्षं लटकत राहतो. राखायची असेल तर पैसे देऊन घ्या आणि मग राखा. एवढंच.

लेव्हल_मशीन

मान्य. निदान रॅम्पच्या दोन पट्ट्या तरी थेट खरेदीने आधी घ्याव्यात. दोन पट्ट्यांचा खर्च चांदणी चौकाच्या ८६५ कोटींपुढे किरकोळ.

अर्धवट_वळण

मग आधी मोजणी. आमच्या सोसायटीतले काही जण तयार आहेत, चौथा_गिअर यांचे दोस्तही येतो म्हणाले. किवळ्याला उतरणाऱ्या गाड्यांतल्या किती पुढे हिंजवडीकडे जातात ते बघायचं. कधी उभं राहावं?

लेव्हल_मशीन

मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेसात ते साडेदहा. सुट्टीचा आठवडा नको, सामन्याचा दिवस नको. सोमवार वेगळा घ्या, कारण तो मुंबईवाल्यांचा. किवळ्याच्या उतारावर एक गट, भूमकर चौकात दुसरा. दोघांनी गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे आणि वेळ टिपायची, नंतर जुळवायची. रस्त्याच्या आत उभे राहू नका, पुलावरून टिपा. बस, ट्रक, मोटार वेगवेगळ्या रकान्यांत.

चौथा_गिअर

दुचाक्या मोजायच्या का? त्या तर द्रुतगतीवर येणारच नाहीत.

लेव्हल_मशीन

भूमकर चौकात मोजा. नदीच्या पुलासाठी तोच आकडा लागेल.